पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका

इंदूरहून विमानाने पुण्या-मुंबईला ये-जा करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: फ्लाइट मोड हे थोतांड आहे, मोबाइलने विमानाला काहीही होत नाही, उतरताना लॅपटॉप ठेवायला लावतात तो लहरींमुळे, पॉवर बँक पेट घेते, म्हणून ती चेक-इन बॅगेत टाकावी, आणि २०,००० एमएएचच्या वरची तर नेताच येत नाही. यातला पॉवर बँकेचा सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच.

पॉवर बँक पेट घेऊ शकते, हे खरं. तिच्यात लिथियम-आयन सेल असतात. पडून किंवा चेपून सेलमधला पातळ पडदा फाटला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं, सेल तापतो, त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो आणि हे थांबत नाही. चेक-इन सामान जातं त्या विमानाच्या पोटातल्या कप्प्यात हॅलॉन वायू सोडायची सोय असते, पण हॅलॉन ज्वाळा विझवतो, सेल थंड करत नाही. थंड करायला पाणीच लागतं, आणि उडत्या विमानात तिथे जाऊन पाणी ओतणार कोण? बॅगेत डिओचा स्प्रे असेल तर आणखी कठीण. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, २०१७ साली लॅपटॉपला ड्राय शाम्पूचा स्प्रे-कॅन बांधून चाचणी केली, तेव्हा हॅलॉनला आग विझवायला वेळ मिळण्याआधीच स्फोट होईल असं दिसलं.

केबिनमध्ये मात्र धूर कुणाला तरी दिसतो. क्रू आधी ज्वाळा विझवतो, मग पाणी ओतत राहतो. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्यायच्या, हा जगभरचा नियम आहे. वरच्या कप्प्यातही ठेवू नका. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर उभ्या असलेल्या एअर बुसानच्या विमानात वरच्या कप्प्यातूनच आग पसरली, आणि तपासात संशय पॉवर बँकेवर आला. विमानात तिच्यावर मोबाइल चार्ज करायलाही डीजीसीएने, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाने, मनाई केली आहे. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. किल्ल्या किंवा नाण्यांशी टेकल्या तरी शॉर्ट होतात.

आता २०,००० एमएएच. मर्यादा एमएएचमध्ये नसतेच, वॉट-अवरमध्ये, म्हणजे साठवलेल्या ऊर्जेच्या मापात, असते, आणि ती १०० आहे. एमएएचला सेलच्या व्होल्टेजने, म्हणजे साधारण ३.७ ने गुणा आणि १,०००ने भागा. २०,००० ची ७४ वॉट-अवर भरते, २७,००० ची ९९.९, ३०,००० ची १११. १०० ते १६० पर्यंतची एअरलाइनने आधी परवानगी दिली तरच. १६० च्या वर नाहीच. पुष्कळांची चूक इथे होते: ते ३.७ ऐवजी यूएसबीच्या ५ व्होल्टने गुणतात आणि नियमात बसणारी पॉवर बँक घरीच ठेवतात. लेबलवर वॉट-अवर छापलेले असतील तर तोच आकडा धरा. अक्षरं पुसली गेली असतील तर सुरक्षा तपासणीत ती अडू शकते.

फ्लाइट मोडबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. चालू मोबाइलमुळेच विमान पडल्याचं कुठे सिद्ध झालेलं नाही. पण ‘काहीही होत नाही’ हे चूक. २०१४ साली एफएएने १,३०० हून जास्त बोइंग ७३७ आणि ७७७ विमानांचे कॉकपिटमधले डिस्प्ले बदलायचा आदेश काढला, कारण वाय-फाय आणि मोबाइलच्या लहरींनी ते कोरे पडू शकत होते. शिवाय मोबाइलचा टॉवर दूर गेला की मोबाइल जास्तीत जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो. टूजीचा फोन स्पीकरजवळ ठेवला की येते तशी खरखर पायलटच्या हेडफोनमध्ये, नेमक्या कंट्रोल टॉवरशी बोलताना, उमटू शकते. एक बटण दाबून हे टळतं, आणि बॅटरीही वाचते. डीजीसीएने २०१४ पासून फ्लाइट मोडमध्ये उपकरणं वापरायची मुभा दिलेली आहेच.

लॅपटॉपचं कारण लहरी नव्हे, वजन. ब्रेक जोरात लागले तर दीड किलोची वस्तू पुढच्याच्या डोक्यावर आदळते, आणि बाहेर पडायच्या वेळी पायात येते.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करू नका. यंत्रणेत चेपून बॅटरी फुटते. जागेवरच थांबा आणि क्रूला बोलवा.