काळ वाईट आलाय, जपून राहा

ख्रिस्ती भावांनो, शेवटले दिवस आलेत हे आधी मान्य करा. पुराव्याला लांब जायला नको. पानटपरीपाशी उभी पोरं आणि त्यांचे मोबाईल पुरेत. बायबलातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय तोंडपाठ असू द्या. त्यात शेवटल्या काळातल्या माणसांची भलीमोठी यादी आहे. ‘धनलोभी’ हा शब्द तिथं दुसराच येतो, तो घाईत उरका. ‘आईबापांना न मानणारे’ इथं आलात की मात्र आवाज चढवा आणि मागच्या बाकाकडं बघा.

मग जुन्या दिवसांचा उसासा टाका. यवतमाळात 1953 साली पाळक घडवणारी सेमिनरी आली, 1983 साली ती पुण्याला गेली. आपल्या भागातली नीतीही त्याच ट्रकात चढून गेली, असं बेलाशक सांगा. सामान भरू लागायला कोण कोण होतं, हे आता कोणी विचारत नाही. आजोबांच्या विश्वासाबद्दलही बोला. विश्वास सातबाऱ्यासारखाच असतो. फेरफार झाला की नातवाच्या नावावर.

आता कापसाचं. इथं जरा नीट ऐका, कारण वर्षभराची भक्ती वेचणीच्या महिनाभरातच घसरते. बाया सकाळी लवकर वावरात उतरतात. मजुरी किलोवर असते, म्हणून संध्याकाळी तुमच्या ओसरीवर काटा लटकतो. गाठोडं अडकवलं की काटा थरथरतो. तो ठरायच्या आत आकडा बोलायचा, हे पहिलं. दुसरं, प्रत्येक गाठोड्यामागं अर्धा किलो दहिवराचा कापायचा. एखादी म्हणेल, “काहून जी काका, मी तं उन्हं आल्यावर येचला!” तिला प्रेमानं सांगा, “बाई, प्रभू सगळं पाहतो.” ती गप्प बसते. हे वाक्य नेमकं कोणाला लागू आहे, याचा विचार करत तुम्ही बसू नका.

तोच कापूस दोन दिवसांनी व्यापाऱ्याकडं जाणार असतो. आदल्या रात्री फवारणीचा पंप धुऊन घ्या (औषधाचा वास राहिला तर व्यापारी ओळखतो, तोही काही कमी नाही) आणि गंजीवर हलक्या हातानं पाणी मारा. बाईच्या कापसातलं दहिवर वजा होतं, आपल्या कापसातलं पाणी जमा होतं. याला काही लोक लबाडी म्हणतात. तुम्ही आशीर्वाद म्हणा. झोपण्यापूर्वी प्रार्थना चुकवू नका. व्यापाऱ्याचा काटा खोटा आहे, त्याला सद्बुद्धी मिळावी म्हणून तर नक्कीच करा.

शास्त्र वाचताना थांबायचं कुठं, हेही कळलं पाहिजे. संडे स्कूलच्या पोरांना जकातदार जक्कयाची गोष्ट सांगा. ठेंगू जक्कय येशूला बघायला उंबरावर चढला, इथं पोरं खिदळतात. तिथंच पुस्तक मिटा. तो खाली उतरला की भानगड होते. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणतो. याकोबाचं पत्र चौथ्या अध्यायापर्यंत ठीक. पाचव्यात शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते. तिथं शेत कापणाऱ्यांचं लिहिलंय, कापूस वेचणाऱ्यांचं नाही, एवढा आधार आपल्याला पुरे.

तरी मन खातच असेल, तर नाताळच्या आधी देवळाला पंखा द्या. पात्यांवर नाव लाल रंगात, मोठं. पहिल्या वर्षी एक चूक सगळ्यांकडून होते: पंखा फिरला की नाव दिसत नाही. म्हणून रेग्युलेटर एकवर ठेवायला सांगा. डिसेंबरात कोणी कुरकुर करत नाही, आणि आपल्याकडं वीज जातेच.

ती गेली की पंखा थांबतो आणि सगळी मंडळी आपसूक वर बघते. खांबाला टेकून बसलेली ती बाईही बघते. ती आपल्याच मंडळीतली आहे, हे सांगायचं राहिलं. चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर जुळवून तुमचं नाव वाचते. मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत बसते.

तिकडं बघू नका. डोळे मिटा, पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आहे.