चक कूपर, बाळू पालवणकर आणि "खेळात जात आणू नका"

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी शंभर वर्षांपूर्वीचे दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांच्यावर एक लेख टाकला आणि अर्ध्या तासात भांडण पेटलं. "खेळात जात कशाला आणता", "शंभर वर्षांपूर्वीचं उकरून काय मिळणार", "टॅलेंट असेल तर कोणी अडवत नाही", शेवटी अॅडमिनला सांगून पोस्टच डिलीट करायला लावली. त्यातले निम्मे लोक माझ्यासारखेच अमेरिकेत राहतात, फेब्रुवारीत मुलांच्या शाळेत ब्लॅक हिस्टरी मंथचे (कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्याचे) पोस्टर बनवायला मदत करतात, त्याचे फोटोपण टाकतात. मला याचा खरंच त्रास झाला म्हणून लिहितोय.

मी पिट्सबर्गला राहतो. इथे ड्युकेन युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल स्टेडियमला चक कूपरचं नाव आहे. १९५० साली एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) निवडला गेलेला हा पहिला ब्लॅक खेळाडू, बॉस्टन सेल्टिक्स या टीमने दुसऱ्या राउंडला घेतला. त्याच सीझनला अर्ल लॉइड आणि नॅट क्लिफ्टन हे ब्लॅक खेळाडू पण आले, आणि वेळापत्रक असं की प्रत्यक्ष मॅच खेळणारा पहिला लॉइड ठरला, ३१ ऑक्टोबरला, कूपर दुसऱ्या दिवशी उतरला. पण मला कूपरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते कारण ती त्याच्या एकट्याची नाही.

डिसेंबर १९४६, मॅककीसपोर्ट, पिट्सबर्गच्या जवळच. ड्युकेन विरुद्ध टेनेसी युनिव्हर्सिटी. कूपर तेव्हा पहिल्या वर्षाला. टेनेसीचे कोच म्हणाले हा काळा पोरगा खेळणार नाही असं आधी सांगा, नाहीतर आम्ही कोर्टवर येत नाही. ड्युकेनने तसा शब्द दिला नाही. लोक तिकीट काढून बसलेले आणि मॅच रद्द. एक नवखा मुलगा बेंचवर ठेवला असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं, एवढं सोपं होतं ते, आणि तरी ते केलं नाही. मला तरी ही गोष्ट कुठल्याही स्कोअरपेक्षा मोठी वाटते.

पुढे सेल्टिक्समध्ये असताना नॉर्थ कॅरोलायनातल्या राली गावात हॉटेलने कूपरला खोली दिली नाही तर बॉब कूझी, म्हणजे टीमचा स्टार, त्याच्याबरोबर रात्रीच्या ट्रेनने निघून आला. कूझीने नंतर सांगितलं की स्टेशनवर गोऱ्यांचं आणि काळ्यांचं टॉयलेट वेगळं बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आता "टॅलेंट असेल तर कोणी अडवत नाही" याबद्दल. कूपर एनबीएत ४०९ मॅच खेळला, सरासरी ६.७ पॉइंट. आकडा बघून कोणी म्हणेल ठीकठाक होता. पण तो स्वतः नंतर सांगायचा की त्याच्यासाठी प्ले (त्याने बास्केट करावी अशा चाली) आखलेच जायचे नाहीत, रिबाउंड घ्या, डिफेन्स करा, आडदांड खेळाडू अंगावर घ्या, हेच काम. दार उघडलं म्हणजे आतली खुर्ची मिळाली असं नसतं. आणि खेळ सोडल्यावर या माणसाने सोशल वर्कमध्ये मास्टर्स केलं आणि पुढे पिट्सबर्ग शहराच्या पार्क खात्याचा प्रमुख झाला, महापालिकेच्या खात्याचा पहिला ब्लॅक प्रमुख. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमने (दिग्गजांच्या मानाच्या यादीने) घेतलं २०१९ ला, तो जाऊन ३५ वर्षं झाल्यावर!

बाळूंचं काय झालं ते बघा. पुण्यात युरोपियनांच्या क्लबवर मैदानाची कामं करता करता नेटमध्ये साहेबांना बॉल टाकायचे. इतके भारी की साहेबांना हरवायला हिंदूंच्या क्लबला ते हवेच होते, मैदानावर चालायचे, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट. तरी हिंदू संघाची (तेव्हा मुंबईच्या स्पर्धेत धर्मावर संघ असायचे) कॅप्टन्सी मिळाली नाही, ती शेवटी १९२३ ला त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाली. मग सांगा, खेळात जात आणली कोणी? लेख लिहिणाऱ्याने की चहा बाहेर देणाऱ्याने?

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मी अजिबात म्हणत नाही, इथेही शाळेत काय शिकवायचं यावरून रान पेटलेलं असतं. पण ड्युकेनने लपवलं नाही, नाव दारावर लावलं, आणि टेनेसीने काय केलं होतं तेही उघड सांगतात, त्याने कुठल्या टेनेसीवाल्या पोराचं काही बिघडत नाही. आपल्याकडे मात्र बाळूंचं नाव घेतलं की लगेच आपल्यावर आरोप झाला असं का वाटतं लोकांना? बाळूंच्या टीममध्ये सवर्ण खेळाडूही होते, बाळूंच्या बाजूने बोलणारेही होते, पूर्ण गोष्ट सांगितली तर त्यांचंही नाव निघेल ना.

मी तो लेख काल ग्रुपवर परत टाकलाय, खाली मॅककीसपोर्टची हकीगत मराठीत लिहून. डिलीट करा म्हणणाऱ्यांनी या वेळी कुठलं वाक्य खोटं आहे तेवढं दाखवावं.