भाषणं कमी, वाजवणं जास्त

तुमचा सत्काराच्या मैफलीवरचा लेख आवडला. अमेरिकेतल्या विद्यापीठाने नामवंत माजी विद्यार्थ्याचा सत्कार विंड बँडच्या, म्हणजे फुंकवाद्यांच्या बँडच्या, मैफलीने केला, हे वाचून आमच्या बेळगावातले सत्कार आठवले. शाल, श्रीफळ, फेटा, आणि मग पाहुणा घड्याळाकडे बघेपर्यंत भाषणं!

एक दुरुस्ती मात्र करा. लेखात दोनदा ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलंय. विंड बँडमध्ये व्हायोलिनचा ताफा नसतो. तिथे व्हायोलिनचं बरंचसं काम क्लॅरिनेटवाले ओढतात. संगीत संचालक फ्रेडरिक फेनेल यांनी १९५२ मध्ये अमेरिकेतल्या ईस्टमन संगीत विद्यालयात विंड एन्सेंबल, म्हणजे फुंकवाद्यांचा संच, काढला, तेव्हा साधारण प्रत्येक वेगळ्या सुरावटीला एकच वादक ठेवला. म्हणजे चुकलात तर लपायला जागा नाही.

मी कॉलेजात असताना लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचो. पहिल्या दिवशी उस्तादांनी रीड, म्हणजे तोंडाशी बसवायची पातळ पट्टी, जिभेवर ठेवून ओली करायला लावली. कोरडी रीड बदकासारखी ओरडते हो! थंडीत वाद्य सुरुवातीला उतरलेलं असायचं, आणि वरात अर्ध्या वाटेवर आली की तापून सूर चढायचा. नवरदेवाला त्याचं काय? त्याला मागे डीजे हवा असायचा.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आमच्या गावात, त्यामुळे लष्करी बँड कानावर पडलेला. पण कॉलेजचा स्वतःचा फुंकवाद्यांचा बँड म्हटलं की फार तर एनसीसीची परेड आठवते. एखाद्या प्राचार्यांनी मनावर घेतलं तर पुढच्या स्नेहसंमेलनाला दोन भाषणं गाळून क्लॅरिनेटला दहा मिनिटं द्या. माझं अजून माळ्यावर आहे, रीड तेवढी नवीन लागेल.