अडथळा सापडला म्हणजे स्टेंट बसवायचाच का?

नानांच्या मेव्हण्यांना चढ चढताना छातीत दाटून येते आणि दोन मिनिटे थांबले की बरे वाटते, अशी तक्रार पाच-सहा महिने होती. अँजिओग्राफीत हृदयाच्या उजव्या रक्तवाहिनीत ७० टक्के अडथळा निघाला आणि तेवढ्यावरून कट्ट्यावर सरळ दोन तट पडले. आता थांबणे म्हणजे दुखणे अंगावर काढणे होय, स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, याच आठवड्यात बसवून मोकळे व्हावे, असे नानांचे ठाम मत होते.

औषधांचे दुकान चालवणारे बापू मात्र ऐकेनात. "नाना, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते आणि त्यांचा आजार स्थिर स्वरूपाचा होता. औषधांच्या जोडीला ज्यांना स्टेंट किंवा बायपासकडे नेले, त्यांच्यात मृत्यू कमी झाले नाहीत; ज्यांची छाती वारंवार दुखत होती त्यांना आराम मात्र जास्त मिळाला."

"म्हणजे सगळा धंदाच म्हणा की!" अण्णा उसळले. आमच्या कट्ट्यावर एका टोकाचे मत दुसऱ्या टोकाला जायला चहा येईपर्यंतचाही वेळ लागत नाही.

बापूंनी त्यांनाही अडवले. ज्यांच्या डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा आहे, ज्यांच्या हृदयाची पंपिंगची ताकद फार खालावली आहे किंवा ज्यांना नुकताच झटका आला आहे, असे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. शिवाय झटका बहुधा येतो तो चरबीचा थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी धरल्यामुळे, आणि तो थर पुष्कळदा फारशा न चोंदलेल्या जागीही असतो. स्टेंट एकच जागा मोकळी करतो, तर स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि तंबाखू सोडणे यांचा परिणाम सगळ्याच रक्तवाहिन्यांवर होतो. झटक्यात मात्र वाहिनी बंद पडून स्नायू मरू लागलेला असतो, आणि तेव्हा काही तासांत केलेली अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने वाहिनी उघडून स्टेंट बसवणे, जीव वाचवते.

"मग माझा ईसीजी नॉर्मल आला, त्याचे काय?" नानांनी विचारले. बापू म्हणाले, स्वस्थ पडून काढलेला ईसीजी अंजायनातही, म्हणजे श्रमाने छाती दाटून येण्याच्या दुखण्यातही, नॉर्मल येऊ शकतो आणि झटक्याच्या सुरुवातीलाही येऊ शकतो, म्हणूनच रुग्णालयात तो पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनसाठी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) काही तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा रक्त घेतात. आपल्याकडे लोक छातीतले दुखणे गॅसचे समजून ओवा आणि सोडा घेऊन रात्र काढतात, याचा मला तरी राग येतो. मधुमेहींना आणि बायकांना तर छाती न दुखता नुसताच घाम, धाप किंवा जबड्यातली कळ येऊ शकते.

शेवटी एवढे ठरले की मेव्हण्यांनी डाव्या मुख्य वाहिनीची स्थिती आणि टू-डी इकोतली (हृदयाच्या सोनोग्राफीतली) पंपिंगची टक्केवारी डॉक्टरांना विचारावी, आणि औषधे नीट घेऊनही चढ चढवत नसेल तर स्टेंटला खुशाल होकार द्यावा. बसल्या जागी दुखू लागले तर मात्र कोणालाही न विचारता तडक रुग्णालय गाठावे, यावर नाना आणि अण्णा दोघांचेही एकमत झाले.