आबांचा नंबर आणि चार कंपन्या

आबांचा मोबाईल नंबर वीस वर्षांहून जास्त काळ तोच आहे. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या दुकानात बसून त्यांनी तो घेतला तेव्हा कंपनी बीपीएल होती. मग हच आलं, 2007 मध्ये हचचं व्होडाफोन झालं आणि 2020 पासून स्क्रीनवर ‘व्हीआय’ दिसतं. काकांकडे बिर्ला-एटीअँडटीचं कार्ड होतं, त्याचं पुढे आयडिया झालं. कुणाची रेंज चांगली यावरून दोघा भावांत कायम वाद. 2018 मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या आणि दोघं एकाच कंपनीचे गिऱ्हाईक झाले. वाद तिथंच मिटला.

हे सगळं आठवलं ते 2025 च्या ऑगस्टमुळं. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या वनतारात, म्हणजे जिओवाल्या अंबानींच्या प्राणी केंद्रात, गेली आणि आपल्या जिल्ह्यानं राग जिओच्या कार्डांवर काढला. आमच्या धाकट्यानं घरातली तीन कार्डं पोर्ट केली आणि रात्री मला फोन लावला. आवाजात अभिमान होता, आणि मलाही तो वाटला. गिऱ्हाईकानं एकदिलानं पाठ फिरवली तर केवढ्या मोठ्या घराण्याला दखल घ्यावी लागते, हे कोल्हापूरनं दाखवलं. पण घरच्या ग्रुपवर वाद वेगळ्याच वाटेनं गेला: देशी कंपनी बरी की परदेशी? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे.

मी राहतो ते जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ. ऱ्हाईनच्या काठावर मानेसमान कंपनीची जुनी उंच इमारत अजून उभी आहे. 1890 मध्ये बिनजोडाचे पोलादी पाईप बनवायला निघालेली ही कंपनी शंभर वर्षांनी मोबाईलमध्ये उतरली आणि त्यातच इतकी मोठी झाली की इंग्लंडच्या व्होडाफोनचा डोळा तिच्यावर गेला. व्होडाफोननं 1999 मध्ये अमेरिकेची एअरटच घेतली होतीच. फेब्रुवारी 2000 मध्ये, संचालकांचा महिनोन्‌महिने विरोध असताना, मानेसमानही घेतली. सौदा 180 अब्ज डॉलरच्या घरातला, तोवरचा जगातला सर्वांत मोठा. खुद्द चॅन्सेलर श्रोडर विरोधात बोलले होते. पुढं पाईपचे कारखाने साल्झगिटरकडे गेले, यंत्रांचा धंदा सीमेन्स-बॉशकडे. व्होडाफोनला हवं होतं ते फक्त मोबाईलचं जाळं. त्यासाठी मोजलेली किंमत इतकी अवाच्या सवा होती की 2006 मध्ये कंपनीला हिशेबातून 20 अब्ज पौंडांहून जास्त रक्कम कमी करावी लागली.

इथंही तेव्हा रडारड परकीय मालकाचीच होती. गिऱ्हाईकाला वाचवलं ते मात्र एका रुक्ष अटीनं. मानेसमाननं नुकतीच ब्रिटनची ऑरेंज ही मोबाईल कंपनी घेतली होती. युरोपियन कमिशननं व्होडाफोनला बजावलं, ऑरेंज विकायचं कबूल करा, मगच पुढं. ती फ्रान्स टेलिकॉमला विकली गेली आणि ब्रिटनमध्ये एक स्पर्धक जिवंत राहिला. 2014 मध्ये स्पेनच्या टेलिफोनिकानं जर्मनीत ई-प्लस ही मोबाईल कंपनी घेतली तेव्हाही आपल्या जाळ्याची 30 टक्क्यांपर्यंत क्षमता दुसऱ्याला द्यायची अट पडली. 2025 मध्ये ब्रिटनमध्ये व्होडाफोन आणि थ्री या मोबाईल कंपन्या एक झाल्या, त्याआधी तिथल्या नियामकानं 11 अब्ज पौंडांची गुंतवणूक आणि काही प्लॅनचे दर ठरावीक काळ गोठवणं कबूल करून घेतलं. जर्मनीत सगळं गोड आहे असं नाही. रिचार्ज महाग आहे, आणि रेल्वेनं जाताना मध्येच फोन कटतो.

मार्केट यार्डात गूळ घेऊन जाणारा शेतकरी सौद्याला व्यापारी किती उभे आहेत ते आधी बघतो. पाच असले तर भाव निघतो. दोघंच असले तर त्यांचं नाव, गाव, जात काही उपयोगाची नाही. स्टेशन रोडवर एकेकाळी आयडिया, व्होडाफोन, एअरटेल, डोकोमो, युनिनॉर, रिलायन्स अशा पाट्याच पाट्या होत्या. आज खासगी तीन उरल्या आणि सरकारची बीएसएनएल. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांचे वाढीव दर 3 आणि 4 तारखेला, म्हणजे दोन दिवसांत, लागू झाले. तेव्हा बीएसएनएल सोडली तर कुणी पोर्ट करून कुठं जाणार होतं?

म्हणून घरच्या मंडळींना माझं मनापासून सांगणं, ऑगस्टमधला तो जोर इथं वापरा. व्हीआयची काही सरकारी थकबाकी शेअरमध्ये बदलून घेतल्यावर एप्रिल 2025 पासून कंपनीचा जवळपास 49 टक्के हिस्सा केंद्र सरकारकडे आहे. म्हणजे आबांच्या कार्डात आपल्या कराचा पैसा आहे. उद्या ही कंपनी कुणाला विकायची किंवा कुणात मिसळायची वेळ आली, तर बाजारात किती जण उरणार आणि शिरोळच्या गावात टॉवर कोण ठेवणार, हे लेखी घ्या असं आपल्या खासदारांना आत्ताच सांगायला हवं. सही झाल्यावर नव्हे.

धाकट्याचा परवा फोन आला तो गच्चीवरून. नव्या कार्डाला घरात रेंज नाही, बाहेर यावं लागतं. जुन्या कार्डाकडं परत जाणार नाही म्हणाला. मग विचारलं, “दादा, अजून कुठली कंपनी आहे का रे?”