लँग्वेज पुअर, रीराइट

आज दुपारी शेजारची मुलगी पीएच.डी.चं तिसरं प्रकरण घेऊन आली. ४१ पानं. आत कुठे साधी खूणसुद्धा नाही, फक्त पहिल्या पानावर लाल शाईत 'लँग्वेज पुअर, रीराइट.' एवढ्यासाठी सहा आठवडे गाईडच्या टेबलावर पडून होतं. "काकू, पुअर म्हणजे नेमकं कुठे?" काय सांगू तिला? बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली पोर, इंग्रजीत प्रबंध लिहायचा कसा हे तिला कधी कुणी शिकवलंय?

मला माझं एम.फिल. आठवलं. (आता तेही बंद झालं म्हणा.) प्रबंध मराठीतच होता, तरी तीच गत. नाशिकच्या रविवार कारंजाजवळ एका छापखान्यात टाइप करायला दिला होता. तिथले प्रूफं तपासणारे काका 'सदर अभ्यासाच्या अनुषंगाने असे निदर्शनास येते की' या माझ्या लाडक्या वाक्याशी थांबले. कानामागची पेन्सिल काढली, पण कागदाला लावली नाही. "बाळ, काय झालं ते तोंडी सांग." म्हटलं, दिंडोरीच्या बागाइतदारांचे पैसे व्यापाऱ्याने बुडवले. "मग तसं लिही की!"

दोन वर्षांत हा प्रश्न मला एकाही प्राध्यापकाने विचारला नव्हता.

लिखाणातली चोरी पकडायला मात्र सगळे तयार! यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८चे नियम आहेत: दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालेल, ६०च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. असावेत, चोरी ती चोरीच. पण लिहायला शिकवायचं नाही आणि टक्के मोजायचे, मग पोरं काय करणार? शब्द फिरवतात. नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात 'थिसिस करून मिळेल'चा कागद चिकटवलेला असतोच.

हो, गाईडनाही कामं असतात, एकेका प्रोफेसरकडे आठ-आठ विद्यार्थी असू शकतात. मान्य. म्हणून तर वेगळी सोय हवी ना! अमेरिकेत विद्यापीठांमध्ये रायटिंग सेंटर असतं. विद्यार्थ्याने वेळ घ्यायची, मसुदा घेऊन जायचं. ते लिहून देत नाहीत. शेजारी बसून विचारतात, तुला म्हणायचंय काय? पैसे पडत नाहीत. पर्ड्यू विद्यापीठाने तर लेखनाचे धडे इंटरनेटवर सगळ्या जगाला फुकट ठेवलेत. आपल्याकडे इमारतीला पैसे मिळतात, एका टेबलाला आणि दोन खुर्च्यांना मिळत नाहीत.

जाऊ दे. काकांनी प्रुफाचे पानामागे ठरलेले पैसे घेतले, त्या तासाभराचे घेतले नाहीत. पुढे छापखाना बंद झाला, त्यांचा पत्ता काही लागला नाही.

पोरीला उद्या सातला बोलावलंय. तिच्याकडून मराठीत सगळं वदवून घेईन, पण माझं इंग्रजी जेमतेम. गंगापूर रोडच्या बाजूला कुणी इंग्रजीचे निवृत्त सर किंवा बाई असतील, आठवड्यातून एक तास देऊ शकतील, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. चहा माझ्याकडे.