क्षेत्रभेटीला अजिबात जाऊ नका

घरात दहावीचं पोरगं आहे का? मग पहिले एक काम करा, भूगोलाचं पुस्तक फ्रिजवर ठेवून द्या. प्रिलिमपर्यंत ते तिथेच बरं. गणिताची ट्यूशन, सायन्सची ट्यूशन, इंग्लिशची ट्यूशन, आणि भूगोल तर काय, आदल्या रात्री वाचलं की होऊन जाते. 40 मार्कांच्या पेपरसाठी कोण जीव देते?

गाईड घ्या. पुस्तकापेक्षा जाड असेल ते घ्या.

नकाशासाठी स्टेन्सिल घ्या, भारत आणि ब्राझील दोन्ही नागपूरच्या बर्डीवर मिळतात. ब्राझील कोणत्या बाजूनी धरायचा याचं टेन्शन घेऊ नका. आमच्या भाच्यानी सहामाहीत उलटा गिरवून त्यात ॲमेझॉन भरली, म्हणजे नदी सरळ दक्षिणेला जाऊन बसली, आणि मॅडमनी बरोबरची खूण केली. हे लक्षात ठेवा, पुढे कामात येईल.

भौगोलिक कारणे पाठ करून घ्या. ब्राझीलमध्ये नियमित हिमवर्षाव का होत नाही, ईशान्येकडे अवर्षण चतुष्कोन का आहे, झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. फक्त चुकूनही असं विचारू नका की बाबू, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर कायले जाते? समुद्रापासून दूर असलेल्या भागाचं हवामान विषम असते हे त्याला पाठ आहे, पण हे वाक्य आपल्या छतावरच्या कूलरबद्दल आहे हे त्याला कळता कामा नये. तसंच 26 मेच्या आसपास नागपुरात दुपारी बारा-दहाला सूर्य बरोबर डोक्यावर येते आणि उभ्या काठीची सावली गायब होते, तेव्हा पोट्टं आत रील्स पाहत असलं पाहिजे. बाराला का नाही, बारा-दहाला का, हे भारताची प्रमाणवेळ ठरवणाऱ्या 82°30' रेखावृत्ताच्या गणितात आहे, पण गणिताला मार्क आहेत, सावली पाहायला नाहीत.

आता मेन मुद्दा. क्षेत्रभेट. पुस्तकातला पहिलाच धडा. घाबरायचं नाही, जायचं नसतेच मुळी. प्रश्नावली, निरीक्षणं, निष्कर्ष, सगळं गाईडमध्ये तयार आहे. पुस्तकातली सहल अलिबागला जाते म्हणून नागपूरच्या अख्ख्या वर्गानी अलिबागचा अहवाल लिहायचा, भरती-ओहोटीसकट. समुद्र आयुष्यात पाहिला नसला तरी चालते.

मी मूर्खपणा केला. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही काढलेल्या क्षेत्रभेटीचा अहवाल लिहा असं येते, पण शाळेतून कुठी नेऊनच नाही राहिले." मी म्हटलं चल. रविवारी सकाळी गाडी काढली, वाडीच्या पुढे लावा गावाजवळच्या टेकड्यांकडे गेलो जिथून नाग नदी निघते, मग अंबाझरी तलावाच्या सांडव्यापाशी उभे राहिलो, मग नदीच्या कडेकडेनी महाल भागापर्यंत, तोंडाला दुपट्टा बांधून कारण वासच तसा आहे. पोट्टं दर पुलावर उतरून वहीत पाण्याचा रंग लिहून राहिलं होतं. पहिल्या पुलावर मातकट, मग हिरवट, मग काळं, आणि त्यानंतर त्यानी फक्त "फेस" लिहिलं. एका पुलाजवळ पंक्चर काढणाऱ्या काकांना त्यानी प्रश्नावली वाचून दाखवली, या नदीचा तुम्हाला काय उपयोग होतो वगैरे. काका म्हणाले, "नदी? हा तर नाला हाय बाप्पा." तेही त्यानी लिहून घेतलं. शेवटी झिरो माईलला गेलो, 1907 च्या सर्वेक्षणातला दगड, समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट, आणि मग तर्री पोहे. इतका खूश मी त्याला भूगोलात कधी पाहिला नव्हता.

प्रिलिमला नेमका तोच प्रश्न आला. चार मार्कांचा. त्यानी दोन पानं लिहिली, उगमापासून पोहे सोडून सगळं. मिळाला 1. लाल पेनानी शेरा, "पुस्तकातील क्षेत्रभेट लिहावी." आणि काकांचं "नाला" गोल करून वर प्रश्नचिन्ह.

पेपरवर सही करायला मीच गेलो, ताई म्हणे तूच निस्तर. मॅडम म्हणाल्या, "सर, बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला अलिबागच अपेक्षित असतं." बाजूचे एक पालक हसून म्हणतात, भूगोलासाठी रविवार घालवला?

हो, घालवला! अहो मॅडम, प्रश्नात "तुम्ही काढलेल्या" लिहिलं आहे, त्यानी काढली, बाकीच्या वर्गानी चक्क खोटं लिहिलं आणि त्यांना चारपैकी साडेतीन? उलटा ब्राझील बरोबर आणि शाळेच्या मागून वाहणारी नदी चूक? ती नदी पुढे कन्हानला लागते, कन्हान वैनगंगेला, मग प्राणहिता, मग गोदावरी, आणि आपली सगळी घाण बंगालच्या उपसागरात, म्हणजे तुमच्या अलिबागच्या बरोबर दुसऱ्या बाजूच्या समुद्रात जाते, हे वर्गात एकदा तरी सांगितलं का? आणि पालक हो, तुम्ही हसू नका. 2023 च्या सप्टेंबरात काही तासांत 100 मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी ओसंडली, माणसं गेली, लोकांचे फ्रिज तरंगत होते घरात, तेव्हा तुम्हीच विचारत होते ना की एवढं पाणी आलं कुठून? ते जिथून येते तिथेच पोट्टं जाऊन आलं होतं. त्याला एक मार्क देता, थोडी तरी लाज वाटू द्या.

काल विचारत होता, "मामा, बोर्डात काय लिहू?"

अलिबाग लिही म्हटलं. भरती-ओहोटीसकट.